व्हॅनचं मागचं दार

आई, व्हॅनच्या मागच्या दाराचे शॉकर मी मागच्या रविवारी बदलले. तुझ्या व्हॅनचे नाही. ती तू गेल्यावर काही वर्षांनी भंगारात द्यावी लागली. ही तिच्यानंतरची, पण मागचं दार तसंच, खालून वर उचलायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या नळ्या असतात, तेच शॉकर; त्यांत वायू दाबून भरलेला असतो, आणि त्या जोरावर ते जड दार वर थांबतं. हे तुला सांगायला नकोच. पण तुला ते दार किती जवळून माहीत होतं, हे मला आत्ता कळलं, म्हणून लिहायला बसले.

पोळीभाजीचं काम अजून नौपाड्यातल्या त्याच गाळ्यात चालतं. मावशी अजून येते. तुझी धाकटी बहीण आता सत्तरी ओलांडून गेली, मानपाड्याला एकटी राहते, मुलगा आणि सून कल्याणला. तो तिला कितीदा म्हणाला, आता पुरे, आमच्याकडे राहायला ये. ती म्हणते, "तुमच्याकडे येऊन मी करू काय, टीव्ही पुसू?" पोळ्या तिच्या अजून तुझ्यासारख्याच होतात, कडेपर्यंत एकसारख्या. ऑर्डर पोचवायला जाताना मी गाडी चालवते, ती शेजारी बसते आणि रस्त्यातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला काचेआडून उपदेश करते.

यंदाच्या थंडीत दार दगा द्यायला लागलं. सकाळी उघडलं की जरा वेळ वर राहायचं, मग हळूहळू खाली यायचं, झोप अनावर झालेल्या माणसाच्या मानेसारखं. नळीच्या दांड्यावर तेल ओघळलेलं दिसत होतं. ऑर्डरींची गर्दी होती, म्हणून आम्ही मॉपची दांडी टेकू म्हणून लावायला सुरुवात केली. बाळकुमला एका मोठ्या सोसायटीत बारसं होतं, तिथे मसालेभाताचं पातेलं ओढताना मावशीचा धक्का त्या दांडीला लागला आणि अख्खं दार तिच्या डाव्या खांद्यावर आलं. ती ओरडली नाही. फुटपाथच्या कडेला जाऊन बसली, आणि मी धावत गेले तर म्हणाली, "आधी भात वर पोचव. बाळाची आत्या दोनदा खाली येऊन गेली." मी भात वर पोचवला. त्या आत्याने मला पाणी दिलं, ते मावशीसाठी घेऊन मी खाली धावले.

नौपाड्यातल्या दवाखान्यात फोटो काढला. खांद्यापासून गळ्याकडे जाणाऱ्या हाडाला बारीक तडा. हात गळ्यात बांधून आम्ही गोळ्यांसाठी बाकावर बसलो होतो, तेव्हा मावशी हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या मुलाला सांगायचं, बाथरूममध्ये पाय घसरला."

"का?"

"दार पडलं म्हटलंस तर मला कल्याणला नेऊन बसवेल. बाथरूममध्ये तर कुणीही पडतं."

मी म्हटलं, "मावशी, मला असलं खोटं बोलायला जमणार नाही." तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या आईला जमलेलं की. तिच्या मनगटावर वरवंटा कुठे पडला होता? दारच पडलेलं."

आई, मी त्या बाकावर बसल्या बसल्या एकदम मागे गेले. मी कॉलेजात आहे, तू नुकतीच गाडी चालवायला शिकली आहेस, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुझ्याशिवाय एकही बाई गाडी चालवत नाही. बाबा चेष्टेत म्हणतात, "गाडीने एकदा जरी दणका दिला तर विकून टाकणार हं." सगळे हसतात. तू हसत नाहीस. त्यानंतरच्या कुठल्यातरी दिवसांत तुझ्या डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं आहे, वरवंटा निसटला म्हणून तू सांगितलं आहेस, आणि कणीक मळायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी परातीशी झटते आहे आणि तू मागून म्हणतेस, "कणीक मळतेस की कुणाला चापट्या मारतेस? तळहाताने दाब." त्याच दिवसांत तू मला रोज सकाळी शेजारच्या सीटवर बसवतेस. म्हणतेस, तुला गाडी शिकायचीय ना, मग आधी गिअर शीक. तू क्लच दाबून "हं" म्हणायचीस आणि मी गिअर टाकायची. पहिला, हं, दुसरा, हं, तिसरा. घोडबंदर रोडवरून आपण दोघी मिळून एक गाडी चालवायचो. मला किती भारी वाटायचं ते. लग्नानंतर नवऱ्यालाही मी सांगितलेलं, माझ्या आईने मला असं शिकवलं, अर्धी गाडी माझ्या हातात देऊन.

तर ते शिकवणं नव्हतं. तुझा डावा हात गिअर टाकायला उठतच नव्हता. मावशीला तेवढं माहीत होतं, कारण तीच तुझ्याबरोबर हाडवैद्याकडे आली होती. "बाईने गाडी हातात घेतलीन आणि हात मोडून घेतलान, असं सगळे म्हणाले असते," मावशी म्हणाली. "ताई म्हणाली, एकदा खाली उतरवलं की परत कोण चढू देतंय."

मी तिच्या मुलाला खरं तेच सांगितलं. त्याच संध्याकाळी, फोनवर, मावशी समोर बसलेली असताना. तिने फोनकडे बघितलं, मग भिंतीकडे. तो येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिची चप्पल मी पुढे केली तर ती पायाने बाजूला सारून तिने स्वतः ओढून घेतली.

मग मी मानपाडा रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने गाडी कुठली, कुठल्या वर्षाची ते विचारलं आणि शॉकरची जोडी काढून दिली. एकच गळत होता, तर एकच का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, एक नवा आणि एक दमलेला लावला की दार वाकडं ओढलं जातं. दोन्ही बदला." बसवून द्यायला माणूस पाठवतो म्हणाला, पण मला ते स्वतः करायचं होतं. का ते विचारू नकोस. तू असतीस तर विचारलंही नसतंस.

रविवारी सकाळी गाळ्यासमोर गाडी लावून मी दार उघडलं, आणि टेकू कसा लावावा याचा विचार करत होते, तेवढ्यात मावशीचा मुलगा आला. चेहऱ्यावरूनच कळत होतं, भांडायला आलाय. "ताई, फोनवर बोलायचं नव्हतं म्हणून आलोय," तो म्हणाला. "या वयात तिला पातेली उचलायला लावतेस तू?"

"सांगते. आधी हे दार धर."

त्याने धरलं. दोन्ही हातांनी, डोक्यावर. दाराचं वजन हातांवर आल्यावर, "एवढं जड असतं हे?" म्हणाला.

नळीच्या टोकाला वाटीसारखा भाग असतो, तो गाडीवरच्या एका लोखंडी गोळीवर बसतो, आणि वरून एक छोटी पट्टी त्याला घट्ट धरून ठेवते. ती पट्टी पेचकसाने किंचित उचलली की वाटी गोळीवरून सुटते. पहिली सुटायला वेळ लागला. तो वर बघत म्हणाला, "तू खोटं सांगितलं असतंस तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"ती माझ्याशीही बोलत नाहीये," तो म्हणाला. "सकाळी आम्ही उठायच्या आत उठून एका हाताने पोळ्या लाटते. घरात आम्ही दोघं आणि ती. एवढ्या पोळ्या खाणार कोण? काल बायकोने वॉचमनला नेऊन दिल्या. तो म्हणाला, आजींना सांगा, उद्याही चालतील."

मला हसू आलं, मग त्यालाही, आणि दार हललं. मी म्हटलं, "हसू नकोस, धर नीट." जुनी नळी जमिनीवर उभी करून मी दाबून बघितली तर इंजेक्शनच्या पिचकारीसारखी आत गेली आणि तिथेच राहिली. नवी पूर्ण वजन टाकून दाबली, ती जेमतेम हलली. बारीक दांडा खालच्या बाजूला ठेवून मी दोन्ही बसवल्या. वाटी गोळीवर बसताना टक् असा आवाज होतो, छान वाटतो कानाला. "सोड आता," मी म्हटलं. त्याने भीतभीत हात काढले. दार जागचं हललं नाही. तो खाली उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तिने उचलायचं काही नाही. फक्त पोळ्या."

"हे मला सांगून काय उपयोग? तिला विचार."

त्याने तिथूनच फोन लावला. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं दोघांचं ठरलं ना? मग मला कशाला विचारता?" आणि फोन ठेवला.

बुधवारी ती आली. हात अजून गळ्यात बांधलेला, पिशवीत तिचं स्वतःचं लाटणं. मुलगा गाडीतून सोडून गेला. तिने आत यायच्या आधी व्हॅनच्या मागे जाऊन उजव्या हाताने दाराची कळ ओढली, दार आपोआप वर गेलं, तशी ती दोन पावलं मागे सरली. मग पुढे होऊन बंद केलं, पुन्हा उघडलं. दुपारपर्यंत एकाच ओट्याशी तिने एका हाताने तिच्या पोळ्या लाटल्या, मी माझी भाजी केली. मग तिने भाजीची चव घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मी मीठ घातलं. संध्याकाळी निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी तरी खोटं बोल गं. तुझी आई असती तर बोलली असती." लाटणं पिशवीत टाकून ती निघाली.

आई, हे वाचायला तू नाहीस, आणि मावशीला दाखवायचा धीर माझ्यात नाही, म्हणून हे इथेच राहील. गेले काही दिवस तुझ्यावर रागावून बघतेय, की मला का नाही सांगितलंस, मी काय परकी होते. राग टिकत नाही. मी तेव्हा कशी होते ते मला आठवतं. तुझं मनगट मोडलंय हे कळलं असतं, तर मी रडले असते, आणि त्याच रात्री बाबांना सांगितलं असतं. तुझ्या काळजीनेच. आणि तुला गाडीवरून खाली उतरवण्यात सगळ्यात पुढे मीच असते. नाही सांगितलंस ते बरं केलंस.