पाचशे कॉल आणि कुकरची शिट्टी

आई, तिने हेडफोन काढला, हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि विचारलं, "अरे, या बाई ज्याला कुकर बंद करायला सांगतायत, तो खोटारडा पोरगा कोण?" माझं सगळं बदललं ते त्या क्षणी. मंगळवार, सकाळचे अकरा, इथे जपानात कोतोमधल्या आमच्या ऑफिसचा सातवा मजला. आणि जे मनात येईल ते लगेच बोलून मोकळा होणारा मी, त्या दिवशी म्हणालो, "काय माहीत. नेटवरून उतरवलीय फाइल." तो पोरगा मी होतो. त्या बाई तू होतीस.

नीट सांगतो, नाहीतर म्हणशील याचं नेहमीचंच, मधूनच सुरू करतो. आम्ही एका कॉल सेंटरसाठी यंत्रणा बांधतोय. एका वेळी पाचशे फोन चालू असणार आणि प्रत्येकातला शब्दन् शब्द डिस्कवर रेकॉर्ड व्हायला हवा. त्याला कसली डिस्क पुरेल हे ठरवायचं काम माझं, आणि मी ठरवलेलं टिकतं का ते तपासायचं काम तिचं. ती पुण्याची, माझ्याहून वर्षाने मोठी, आणि पहिल्या आठवड्यापासून माझी अवस्था अशी की ती लिफ्टमध्ये शिरली की मी सात मजले जिन्याने चढतो. तर, चाचणीसाठी पाचशे नकली फोन लावायचे, आणि त्या फोनांवर कुणीतरी सतत बोलत राहायला हवं. माझ्याकडे असा आवाज एकच होता. तुझ्या शॉर्टहँडच्या क्लासची ती कॅसेट मी इथे येण्याआधीच कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली होती. कुणाला काही न सांगता तीच लावली. एका सकाळी जपानमध्ये पाचशे आया एकदम डिक्टेशन द्यायला लागल्या!

ती कॅसेट तू केलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. साताऱ्याचं आपलं स्वयंपाकघर, तुला कोर्टात नोकरीवर जायची घाई, आणि क्लासच्या मुलींना घरी सराव करता यावा म्हणून तू ओट्याशी उभी राहून टेपरेकॉर्डरसमोर वाचते आहेस. मिनिटाला ऐंशी शब्द, एका पट्टीत. "सदर पाणीपुरवठा योजनेस मंजुरी मिळताच, कुकर बंद कर रे, संबंधित ग्रामपंचायतीने..." मी आतल्या खोलीत कॉमिक वाचत लोळतोय आणि तिथूनच ओरडतो, "केला!" पाठोपाठ शिट्टी. खणखणीत. तू क्षणभर थांबतेस, आणि मग काही झालंच नाही अशी ग्रामपंचायतीकडे वळतेस. दोन मुलींनी सरावाच्या वहीत कुकरसुद्धा लिहून आणला होता. तू त्यांचे मार्क कापले नाहीस. म्हणालीस, "ऐकलंय तर लिहिलंय. चूक कुणाची?"

पण पहिल्या चाचणीत हे सगळं कुणाला ऐकूच आलं नाही. रेकॉर्डिंगला भोकं पडली होती. "मंजुरी मि... कुकर बं... रे... पंचायतीने." माझा हिशोब तर सोपा होता: एका फोनचा दोन्ही बाजूंचा आवाज सेकंदाला सोळा किलोबाइट, पाचशेचा मिळून आठ मेगाबाइट, आणि एवढं तर कुठलीही डिस्क सहज लिहिते. म्हणजे खोट तिच्या टेस्टमध्ये! हे मी मीटिंगमध्ये बोललो, चढ्या आवाजात, आमच्या बुचोंसमोर. बुचो म्हणजे विभागाचे साहेब. इथे साहेबांसमोर कुणी आवाज चढवत नाही, ते बिचारे टेबलाकडे बघत बसले. ती शांतपणे मराठीत म्हणाली, "किती लिहायचंय ते मोजलंस. किती वेळा लिहायचंय ते मोजलंस का? आणि एक सांगू? तू समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीस."

आई, मी ते मोजलं नव्हतं. फोनचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, एका बाजूचे सेकंदाला पन्नास तुकडे. शब्द हरवायला नको म्हणून मी प्रत्येक तुकडा आला रे आला की डिस्कवर लिहायला लावला होता. पाचशे फोन, दोन बाजू: सेकंदाला पन्नास हजार वेळा! आणि डिस्कला प्रत्येक वेळी एका फोनच्या फाइलवरून दुसऱ्याच्या फाइलवर उडी मारायची. अशा उड्या ती सेकंदाला शे-दीडशे मारते, मग तिचा दम संपतो. जागच्या जागी कान लाल झाले, कारण हे तू मला शिकवलेलं होतं. मी आठवीत असताना तुझ्या क्लासला बसायचा हट्ट धरला, आणि तू "सदर" म्हणालीस की मी "सदर" खरडायचो, "योजनेस" म्हणालीस की "योजनेस." तिसऱ्या ओळीला मागे पडलो आणि पेन्सिल भिंतीवर फेकली. तू ती उचलून आणलीस, माझ्या हातात दिलीस. "शब्द पडला की झेपावतोस कशाला? पाच-सहा शब्द कानात साठू दे. मग हात हलव. कान पुढे, हात मागे." आणि लगेच, "भांडतानाही तसंच करत जा."

तर मी ते केलं. प्रत्येक फोनचा दहा सेकंदांचा आवाज मेमरीत साठवायचा आणि मग एकदाच लिहायचा. पन्नास हजाराचे पन्नास झाले! डिस्क तीच. वीज गेली तर शेवटचे दहा सेकंद जातील, हे मी बुचोंना स्वतःहून सांगितलं, आवाज न चढवता, आणि त्यांनी वहीत लिहून घेऊन मान डोलावली. सगळ्या फोनांनी एकाच क्षणी लिहायला धावू नये, थोडं मागेपुढे लिहावं, ही युक्ती मात्र तिची. त्या मंगळवारी सकाळी पुन्हा पाचशे फोन लावले. एकही शब्द गळला नाही. जपानी टीमने तेवढी एक तक्रार नोंदवली: प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एकाच जागी अनोळखी कर्कश आवाज येतो, कृपया कारण शोधावे. ते शोधायलाच तिने हेडफोन लावला होता.

मी खोटं का बोललो? तू गेल्यावर तुझ्याबद्दल मी कुणाशी बोललोच नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका सरांनी वर्गात विचारलं, हेच शिकवलं का घरी, तर त्यांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज सोडलं. मग इथे आलो, भाषा शिकलो, दुकानात रात्रपाळ्या करून टेक्निकल कोर्स केला. दहा वर्षांत प्रत्येकाला तोंडावर सगळं ऐकवलं, एवढं एक सोडून. आणि तिने काय करावं? शुक्रवारी निघताना म्हणाली, "त्या नेटवरच्या बाई फार आवडल्या मला. एवढ्या घाईतसुद्धा रागावल्या नाहीत त्या पोरावर. असं माणूस घरात असलं पाहिजे." मी म्हणालो, "रविवारी नदीवर ये. वरणभात आणतो." ती म्हणाली, "तुला कुकर लावता येतो?"

आज रविवार आहे. फुनाबोरीतल्या माझ्या खोलीत हे लिहितोय. ती अकराला नदीच्या बंधाऱ्यावर येणार आहे, आणि पहिलं वाक्य मी पाठ केलंय: तो खोटारडा पोरगा मी, आणि त्या माझ्या आई. पुढचं कानात साठवलंय, आधी तिचं पुरं ऐकेन. हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. एक मात्र कबूल करतो. कॅसेट केलीस त्या दिवशी डाळ करपली, आणि तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो होतो, कुकरच बिघडलाय. तू नवीन रिंग घेऊन आलीस. जुनी रिंग चांगली होती आई.

तिसरी शिट्टी झाली. उठलो, कुकर बंद केला. खरंच केला. आता डबा भरतो, बूट घालतो, आणि दार ओढून घेतो.