दार कुणाचं होतं

१२ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे सगळे मजेत. तुम्हीही असणार, कारण नसता तर एव्हाना कळलं असतं. वहिनी आणि आमच्या घरची दर रविवारी फोनवर बोलतात, आणि आपल्या दोघांना त्याचा पत्ता नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे. ती मोडू नकोस. दोघी फार खूश आहेत तिच्यावर.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी चष्मा पुसला असशील. नदीच्या अलीकडून पलीकडे जेमतेम सहा किलोमीटर, आणि त्याला पोस्टाचं तिकीट. फोनच करणार होतो. पण तू फोन उचलून नुसता श्वास घेतोस, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय.

काम आहे म्हणून लिहितोय. एका सायकलचं डावं पेडल हवं आहे. जुन्या घडणीची, काळी, उंच, पुढे वेताची टोपली. इथल्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काका, असलं पेडल आता संग्रहालयात मिळेल." संग्रहालयाच्या आधी मला तुझं दुकान आठवलं. रागावू नकोस, कौतुकाने म्हणतोय.

सायकल वाचनालयातल्या बाईंची आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांना जिने उतरवत नाहीत, त्यांना त्या घरपोच पुस्तकं देतात. मागच्या आठवड्यात माझ्या ड्रायव्हिंग स्कूलसमोर एका उभ्या मोटारीचं दार उघडलं आणि त्यांना लागलं. उजवं मनगट मोडलं. बाकी सुखरूप. बाई खमक्या, रस्त्यात बसल्या बसल्या त्यांनी आधी पुस्तकं मोजली, मग हात पाहिला.

मी जवळच होतो, म्हणून सायकल मीच उचलली. मागचं चाक सहज फिरवलं. फिरतच राहिलं. आवाज म्हणून नाही. हबवर, चाकाच्या मधल्या नळीवर, लाल चामड्याची कडी, ती आपोआप पुसत राहणारी. मग मला काही विचारावं लागलं नाही. चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एकेकच थेंब सोडून जास्तीचं चिंधीने टिपून घेणारा माणूस या शहरात एकच आहे. त्याने मला ते काम पहिल्यांदा करायला बसवलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि एकशेबाराव्या कडीला रडलो होतो.

बाईंचा हात बरा होईपर्यंत त्यांची पुस्तकं मी पोचवतोय. त्यांच्याच सायकलवरून. हस आता, थांबतो.

हसलास? पुढे ऐक. माझं पोट आणि हँडल यांची रोज गाठभेट होते. पेडलच्या जागी नुसता दांडा आहे, त्यावरून बूट घसरतो. पहिल्या दिवशी चौकात एक मोटार माझ्यामागे अशी भोंगा वाजवत लागली की मी पार गटाराच्या कडेला गेलो. काच खाली झाली. आतून आवाज आला, "ओ काका, घरी बसा ना, रस्ता काय फिरायला असतो का?" मान वळवून पाहिलं तर गाडीच्या टपावर पाटी माझ्या शाळेची, पाटीवर हसरा फोटो माझा, आणि बोलणारा माझाच शिक्षक. शेजारी बसलेली नवी विद्यार्थिनी त्याला हळूच म्हणाली, "सर, हे पाटीवरचेच ना?" तो बिचारा त्या दिवशी जेवला नाही म्हणे. मी मात्र दुप्पट जेवलो. सायकलने भूक लागते हे विसरलोच होतो.

तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त कप्तान रोज पुस्तक घेताना माझी नाडी बघतात. म्हणतात, "एकशे दहा. कालच्यापेक्षा बरी. उद्या या." मी दोन पानं वाचून दाखवून मगच खाली उतरतो. सांगायचं काय, वाईट चाललेलं नाही.

पेडल मिळालं तर पाठव. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मला अजून आठवतं.

तुझा धाकटा भाऊ

(शाळेच्या छापील कागदावर लिहितोय, साधा कागद सापडला नाही.)


१७ फेब्रुवारी

संचालक महोदयांस,

सोबत डावं पेडल. बसवताना ताकदीच्या आधी डोकं लावावं.

सायकल ओळखीची आहे. बाई दर दोन महिन्यांनी येतात.

तुमच्या पत्रात पेडल आहे, मनगट आहे, टोपली आहे, तुमचं पोट आहे, पाटीवरचा फोटोसुद्धा आहे. दार कुणाचं होतं ते नाही.

(शिक्का) सायकल दुरुस्ती. पंक्चर, स्पोक, रंगकाम. सोमवारी बंद.


६ मार्च

ती. दादास,

दार माझं होतं.

आता नमस्कार. वहिनींनाही.

साध्या कागदावर लिहायला सतरा दिवस लागले. कागद पहिल्या दिवसापासून होता.

माझे कान तुला माहीत आहेत. दुकानात गिऱ्हाईक कोपऱ्यावर असतानाच मी सांगायचो, मागचं बेअरिंग गेलंय. तू म्हणायचास, "भोंग्या, वाजतोस जितका तितकाच ऐकतोस." मोटारींत गेल्यावर त्याच कानांनी मला पोसलं. शाळेत नवी तुकडी आली की मी गाडीत डोळे मिटून बसायचो आणि सांगायचो, मागून ट्रक येतोय, त्यामागे टॅक्सी, टॅक्सीचा सायलेन्सर फुटलाय. सगळे मागे वळून बघायचे आणि टाळ्या वाजवायचे. मला 'कानवाले सर' म्हणतात. मला ते आवडायचं. लपवत नाही.

त्या दिवशी गाडी कडेला लावली. कान दिला. रस्ता रिकामा ऐकू आला. दार उघडलं. आरशात पाहिलं नाही, दादा. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ लोकांना "आरसा, आरसा" म्हणून ओरडणारा माणूस मी.

तू जपलेली सायकल वाजत नाही. जराशी कुरकुरली असती तरी मी थांबलो असतो, असं दोन दिवस मनाशी घोळवलं. म्हणजे तुझ्या हातच्या कामावर माझा दोष टांगून पाहिला. टिकला नाही. दोन्ही दिवशी गळून पडला.

बाईंना मी म्हटलं होतं, दवाखाना, पोलीस, तुम्ही म्हणाल ते. त्या म्हणाल्या, "मला माझी पुस्तकं वेळेवर पोचलेली हवीत. सायकलवरून." मी म्हटलं, "बाई, मोटारीने पटकन होईल." म्हणाल्या, "पटकन झालंच की आत्ता." मी पुस्तकं उचलून टोपलीत भरली.

प्लास्टर परवा निघालं. पेडल बसवून, टोपली पुसून सायकल मी त्यांना परत नेऊन दिली. त्यांनी एक चक्कर मारली, उतरल्या, म्हणाल्या, "उद्यापासून कप्तानांकडे तरी तुम्हीच जा. त्यांना तुमची नाडी लागते."

मग मला सायकल उरली नाही. म्हणून माळ्यावर चढलो.

आता जे अकरा वर्षं लिहिलं नाही ते लिहितो. शाळेचं उद्घाटन होतं. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, हातात सायकल. एकेक तुकडा स्वतः जमवून बांधलेली, हिरवी. म्हणालास, "नव्या माणसाला मोटारीत बसवायच्या आधी आठवडाभर यावर बसव. रस्ता काय असतो ते कळू दे." आणि मी चार पाहुण्यांसमोर म्हटलं, "दादा, ज्याला मोटार जमत नाही तो सायकल चालवतो." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. तू सायकल भिंतीला लावलीस, रुमालाने सीट पुसलीस आणि चालत निघालास. सहा किलोमीटर. मी खिडकीतून तुझी पाठ बघत होतो आणि हातात पेढ्याचा डबा धरल्यासारखा शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा धरून उभा होतो. पुढच्या आठवड्यात येईन असं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. मग इतके आठवडे झाले की यायचं कारण सांगणंच अवघड झालं.

चुकलो, दादा. दाराचं आणि त्या वाक्याचं, दोन्हीचं.

बरं, आता चांगली बातमी, नाहीतर वहिनी म्हणतील भोंगा बसला. शाळेत दोन आठवड्यांपासून नवा नियम आहे, सध्या उसन्या सायकलींवर: पहिला आठवडा सायकल. सगळ्यांनी, शिक्षकांनीसुद्धा. तो भोंगा वाजवणारा शिक्षक पहिल्याच दिवशी कुंपणात गेला आणि तेव्हापासून मोटारीत पाळणा हलवल्यासारखा ब्रेक दाबतो. एक वकीलबाई शिकायला येतात. परवा त्यांच्या शेजारून बस गेली. सायकल थांबवून त्यांनी मला विचारलं, "सर, बस एवढी मोठी असते?" मी म्हटलं, "रोज एवढीच असते, बाई. आज तुम्ही बाहेर आहात."

दुसरा नियम दाराचा. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायचं. हात आडवा गेला की मान आपोआप मागे वळते. करून बघ. कानांची कसरत बंद केली आहे. टाळ्या गेल्या, पण कुणाला त्यांची आठवण येत नाही.

हे सगळं तू अकरा वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगितलं होतंस. आता सहा सायकली लागतील आणि त्या बघणारा माणूस लागेल. पण ते झालं कामाचं, आणि कामाचं निमित्त काढून मी एकदा लिहिलंच आहे. या वेळी निमित्त नाही. मला यायचं आहे. येऊ का, एवढंच विचारतोय.

आणखी एक. हिरवी सायकल माळ्यावरून उतरवली, हवा भरली, बसलो, तर ती करकर वाजायला लागली. पेडलपाशी, चेनला, मागच्या हबला. तुझ्या हातची सायकल वाजताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. अकरा वर्षं तिला कुणी तेल दिलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उतरलो. पुढे ऐकवेना.

तुझा, हल्ली डाव्या हाताने दार उघडणारा,
भोंगा


९ मार्च

भोंग्या,

सोमवारी ये. दुकान बंद असतं, मागून ये. तुझी वहिनी म्हणते जेवायलाच ये, रविवारपासून तिला सगळं माहीत आहे.

हिरवी घेऊन ये, बसून. तेल तू घालू नकोस. किती वाजते ते आधी मला ऐकू दे.

दादा