वाढदिवसासाठी पाहिलेलं हॉटेल

दि. ६ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझी रात्रपाळी संपली का? पाठीचं दुखणं कसं आहे? आम्ही इकडे मजेत. चष्म्याच्या दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. शाळेत परीक्षा आल्या की निम्म्या गावाला फळा दिसेनासा होतो.

फोनवरच विचारणार होते, पण तुझ्या लेकीने रिसीव्हर सोडला तर ना! ठमीला या वर्षी वाढदिवस घरी नको आहे. आमच्या दुकानासमोर बँकेच्या वरच्या मजल्यावर गोल खिडक्यांचं नवं हॉटेल उघडलंय. येता-जाता मान वर करून बघत असते. वर्गातल्या मुलांना घेऊन तिथेच जायचं, असं बाईसाहेबांनी मला आणि तिच्या काकांना जाहीर केलंय. मला यातलं काही कळत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला हॉटेल बरं की नाही, हे तू ठरव. आई तू आहेस.

तुझी,
वहिनी


दि. ११ ऑक्टोबर

ती. वहिनींना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र कामावर निघता निघता मिळालं, जिन्यातच वाचलं. पाठ ठीक आहे. ह्यांचं जहाज पुढच्या बंदराला लागलं, तब्येत चांगली असल्याचं कळवलंय. माझ्या इथल्या नोकरीची दोन वर्षं डिसेंबरात संपतात, आणि आमच्या मेट्रन रोज पुढच्या कराराचा कागद नाचवतात. सही करावी असंच मनात आहे. ठमी तुमच्याकडे असल्यामुळे मला घोर नाही.

आता हॉटेलचं. वरचा मजला म्हणजे जिना आला. सगळी पोरं एकदम उतरताना एकमेकांना ढकलणार. आमच्या वॉर्डात असे हात मोडलेले किती येतात ते मला विचारा. दुसरं, ठमीला अक्रोड-बदाम चालत नाहीत, ओठ सुजतात. हॉटेलवाले ऐकताना मान डोलावतात आणि मग एकच चमचा चार भांड्यांत घालतात. मी नाही म्हणत नाही. तुम्ही एकदा नीट बघून या. बघितल्यावर तुम्हालाच नको वाटेल.

भावजींना नमस्कार, ठमीला पापा.

तुमची,
धाकटी


दि. १७ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पर्समध्ये घालून बुधवारी शाळा सुटल्यावर ठमीला घेऊन गेले. जिना रुंद आहे आणि कठडा मुलांच्या हाताला येईल असा आहे. ठमीने तो धरून आणि न धरता, दोन्ही प्रकारे चढून पाहिला. आचाऱ्याला बाहेर बोलावलं. त्याच्या स्वतःच्या मुलाला दाण्यांचा असाच त्रास आहे म्हणे. त्याने मला आत नेऊन वेगळी भांडी दाखवली, वेगळे चमचे दाखवले, आणि माझ्या तोंडावरचा संशय काही जाईना म्हणून सुकामेव्याच्या डब्याचं कुलूपही दाखवलं.

एवढं सगळं बघून काहीच न घेता उठणं बरं दिसेना. मग दोघींनी सूप घेतलं. माझ्या चष्म्यावर वाफ धरली, तर ठमीने बोटाने त्यावर दोन डोळे काढले आणि मला तसंच बसायला लावलं. वाढणारा पोऱ्या उंच आहे, त्याचं नाव तिने जिराफ ठेवलंय. फार मजा आली गं.

तर आता काय करू? आगाऊ सांगून ठेवू का?

तुझी,
वहिनी


दि. २२ ऑक्टोबर

ती. वहिनींना,

सा. न. वि. वि. मजा आली हे वाचून बरं वाटलं. मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

आगाऊ काही सांगू नका. बुधवारच्या दुपारी कुठलंही हॉटेल गरीब गाईसारखं दिसतं. नोव्हेंबरअखेर तिचा वाढदिवस शनिवारी येतोय. शनिवारी संध्याकाळी तिथे कोण येतं, दारू चालते का, आरडाओरडा किती, हे बघायला हवं. आणि बाथरूमच्या कड्या बघा. मुलं आत अडकतात आणि बाहेर कोणाला पत्ता नसतो. खिडक्या गोल आहेत म्हणता, पण उघडतात का? उघडत असतील तर माझ्या मते विषयच संपला.

तुम्हाला त्रास देतेय, पण इतक्या लांबून मी दुसरं काय करणार? ठमीला केस नीट पुसायला सांगत जा, तिला लगेच सर्दी होते. तुम्हाला हे माहीत असेलच म्हणा.

तुमची,
धाकटी


दि. २८ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू नर्स झालीस ते बरं झालं, पोलिसात गेली असतीस तर आमचं काही खरं नव्हतं! शनिवारी संध्याकाळी जाऊन आलो. दारू मिळते, पण मागच्या वेगळ्या दालनात, मधलं दार बंद असतं. खिडक्या उघडत नाहीत. कडीची तपासणी ठमीने जातीने केली. आत जाऊन कडी लावली आणि बाहेरून मी घाबरल्याचं नाटक करायचं असं ठरलं. माझं नाटक इतकं वठलं की मॅनेजर धावत आला.

खिडकीजवळचं टेबल आता आमचंच झालंय. जिराफ न विचारता तिथे बसवतो आणि ठमीचं सूप मिरपूड न घालता आणतो. एक गंमत सांगते. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या की आई आणि मुलीची हनुवटी अगदी एक आहे. ठमी इतकी हसली की सूप नाकातून आलं. मलाही हसू आवरेना, त्यामुळे त्यांना खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं.

अजून काही बघायचं असेल तर बेलाशक लिही. आईचं पत्र आलं की हॉटेलात जायचं, असं ठमीने ठरवूनच टाकलंय. पोस्टमन दिसला की चपला घालते.

तुझी,
वहिनी


दि. १ नोव्हेंबर

ती. वहिनींना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं, आणि यावर आमच्या दवाखान्यात औषध नाही.

ती हनुवटी माझी आहे, वहिनी. माझ्या आईकडून माझ्याकडे आली आणि माझ्याकडून ठमीकडे गेली. गल्ल्यावरच्या बाईंना सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य तर होतं. आणि मीही किती खुळी! मी इथून एक खोट काढते आणि तिकडे तुमची तिच्याबरोबर एक फेरी वाढते. तुमचं ते टेबल माझ्याच पत्रांनी तुम्हाला मिळवून दिलं.

वाढदिवस घरी असला की मला इथे बसून सगळं दिसतं. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलेलं, भावजी फुगे फुगवून लाल झालेले, ठमी स्टुलावर उभी. त्यात कुठे उभी राहिले असते तेही मला ठाऊक असतं. त्या हॉटेलात मला उभं राहायला जागाच नाही. ते तुमचं दोघींचं आहे.

हॉटेल योग्य नाही. वाढदिवस घरी करा. कारण विचारू नका.

धाकटी


दि. ४ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. कारण विचारू नका म्हणालीस आणि चांगलं पानभर सांगितलंस. मला लागलं. बाईंना सांगायला हवं होतं, हे मान्य. सांगावंसं वाटलं नाही, हेही लिहून टाकते. मला मूल झालं नाही. कोणी चुकून आई म्हटलं तर ते खोडून काढायला माझी जीभ पटकन वळत नाही.

आता तूही थोडं ऐकून घे. रविवारी तुझ्या फोनची वेळ झाली की ठमी आपणहून केस विंचरते. फोनवर कोण बघतंय तिला? माझ्यासाठी कधी हातात कंगवा धरला नाही, मीच मागे धावते. मग ती दार लावून घेते. मी बाहेर टॉवेलांच्या घड्या घालत उभी असते, आणि घातलेल्या मोडून पुन्हा घालते. आतून हसण्याचा आवाज येतो, कशाबद्दल ते मला कधी कळत नाही. पोटात दुखणं तुझ्या एकटीच्या मालकीचं नाही.

हॉटेल नको तर नको. पण तिला ते मी सांगणार नाही. रजा काढून ये, डोळ्यांनी बघ, आणि नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर तूच म्हण.

वहिनी


दि. १२ नोव्हेंबर

ती. वहिनींना,

सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. निघताना तुमच्याशी धड बोलले नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

आले होते ती नाही म्हणायच्या तयारीनेच. जिन्यात तिने माझा हात धरला आणि कठडा कुठून धरायचा ते शिकवलं, तेव्हा माझं ‘नाही’ तिथेच राहिलं. हॉटेल चांगलं आहे, वहिनी, वाढदिवस तिथेच करा. तुम्ही सगळं नीट बघितलं होतंत. मी तिथे बसून खोट शोधत होते आणि मला एकही सापडली नाही.

पण दुसरंच काही दिसलं. ठमीने माझ्यासाठी खुर्ची ओढली. माझ्या ग्लासात पाणी ओतलं, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून. मला काय आवडतं ते विचारलं. मी काहीही चालेल म्हटलं, तर तिने मला सूप सुचवलं आणि गरम आहे, जपून, असं बजावलं. तुम्हाला तिने काही विचारलं नाही. तुमच्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला, तुमच्या ग्लासातलं पाणी प्यायली, आणि तोंड तुमच्या पदराला पुसलं. तुम्ही तिला दटावलंत, तेही तिने ऐकलं नाही.

माझ्याशी ती फार चांगली वागली. मुलं आपल्या आईशी इतकी चांगली वागत नाहीत. पाहुण्यांशी वागतात.

तिकडे त्या पदराकडे बघताना मी जळून खाक होत होते, आणि इथे येईपर्यंत मला बसमध्ये दुसरं काही सुचलं नाही. आज सकाळी मेट्रनना कागद सही न करता परत दिला. डिसेंबरअखेर सामान घेऊन येते. तिकडच्या दवाखान्यात दिवसपाळीची जागा आहे, पगार कमी आहे, चालेल. तिला तुमच्याकडून काढून न्यायला येत नाही. मागची खोली मला द्या, मीही तुमच्यातच राहीन. एवढं ठमीला तुम्ही सांगा, मला फोनवर जमणार नाही.

तुमची,
धाकटी


दि. १७ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू येणार हे वाचून फार आनंद झाला, असं लिहायला बसले होते. तसं लगेच झालं नाही. आधी मी मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ नुसती बसले. मग उठून कपाट रिकामं केलं. खोली तुझी आहे.

आज शाळेतून आल्यावर ठमीला सांगितलं. मला वाटलं उड्या मारेल. ती पांढरीफटक पडली, आणि मग अशी भडकली की तिचे काका दुकानातून वर आले. म्हणाली, जाताना मला विचारलं नाही आणि आता येतानाही नाही. म्हणाली, पावसात सगळ्यांच्या आया शाळेत आल्या होत्या तेव्हा कुठे होती? गोवर आला तेव्हा कुठे होती? तुझ्या फोटोची चौकट तिने जमिनीवर आपटली. फुटली नाही. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही, असं तुला कळवायला सांगितलंय, म्हणून कळवते.

माझ्यावरही ती रुसते, पण ते जेवणाच्या वेळेपर्यंत टिकतं. ही दोन वर्षं हिने हे कुठे दडवून ठेवलं होतं, मला पत्ता नाही. त्यात माझ्यासाठी एक शब्द नव्हता. सगळं तुझं होतं. खरं सांगते, ऐकताना मला तुझा हेवा वाटला.

आता दार लावून बसली आहे. एरवी मी जाऊन समजूत घालते. आज उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. ही समजूत तुझी तू घालायची. डिसेंबरअखेरपर्यंत कशाला थांबतेस? उरलेली रजा काढ आणि ये.

लोभ आहे. थोडा जळका आहे, पण आहे.

तुझी,
वहिनी