वद्य पंचमीला सॅक्सोफोन

लेस्टर
१४ मे २००६

चि. सौ. सुप्रभास,
शशीदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण रिसीव्हर जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. तू बोलत सुटतेस आणि मी नुसता हं हं करतो. म्हणून लिहितो आहे.

तुझ्या वहिनीचं वर्षश्राद्ध जवळ आलं. ज्येष्ठ वद्य पंचमी, पंचांगात शुक्रवार, सोळा जून. गुरुजींना सांगून ठेवलं, शिल्पाने रजा टाकली. आणि आता कस्तुरी म्हणते, त्याच दुपारी तिची शेवटची परीक्षा आहे. परीक्षा म्हणजे काय, तर लीड्सच्या कॉलेजात स्टेजवर उभं राहून सॅक्सोफोन वाजवायचा. मी विनयला म्हटलं, तू बाप आहेस, कॉलेजला फोन करून दिवस बदलून घे. तर तो म्हणाला, बाबा, ही डिग्री आहे, डेंटिस्टची अपॉइंटमेंट नाही. माझ्या घरात माझं कोणी ऐकत नाही, हे तुला सांगायला नको.

विनय-शिल्पा कामावर जायची तेव्हा या पोरीला वाढवलं कोणी? अरुणाने. मराठी अक्षरं गिरवून घेतली, ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेऊन बसली. आणि तिच्याच वर्षश्राद्धाला नात नाही.

पुढचं ऐक. वाजवणार आहे ते म्हणे आजीसाठीच बसवलंय. आधी संथ आणि मग एकदम जलद, लोक नाचतील असं. गेलेल्या माणसासाठी. मी लायब्ररीतून जॅझवरचं जाड पुस्तक आणलं, म्हटलं बघू तरी हे आहे काय. माझं इंग्रजी मिलमधल्या मशीनपुरतं. शिल्पाने दोन पानं वाचून दाखवली आणि ती ड्यूटीला गेली. त्या दोन पानांत दारूचे अड्डेच जास्त होते. सांग, गुरुजींना मी काय तोंड दाखवू?

तिलाही वेगळं पत्र टाकलं आहे. तू समजाव, तुझं ऐकते. गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तेवढा त्रासही सोसून घे.

तुझा,
दादा


लीड्स
२१ मे २००६

ती. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही तीनदा लिहिलं की तुम्ही रागावलेले नाही, म्हणून मला कळलं. माझं मराठी चुकलं तर सॉरी, आजी असती तर लाल पेन घेऊन बसली असती.

दारूचे अड्डे होते, ते खरं आहे. पण तो सुरुवात नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहर आहे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांना तिथे रविवारी एका मैदानात जमायला मिळायचं. त्यांचं घर गेलं होतं, भाषा गेली होती, पण ढोल आणि टाळी राहिली. मग सैन्याच्या बँडची कॉर्नेट, क्लॅरिनेट लोकांच्या हातात आली. चर्चची गाणी, शेतात राबतानाची गाणी, ब्लूज, रॅगटाइम, सगळं मिक्स होत गेलं आणि साधारण शंभर वर्षांपूर्वी त्याचा जॅझ झाला. नंतर लोक कामासाठी नॉर्थला गेले, शिकागो, न्यू यॉर्क, तुम्ही लेस्टरच्या मिलमध्ये आलात तसे. तिथे मोठे बँड झाले, डान्ससाठी. मग चार-पाच जणांचे छोटे बँड, खूप फास्ट, बसून ऐकायचे. प्रत्येक वेळी आधीचे लोक म्हणाले की हा जॅझच नाही. तुम्ही तिथे असता तर तुमचं सगळ्यांशी छान जमलं असतं.

आता जलद भागाबद्दल. त्या शहरात कोणी गेलं की बँड स्मशानापर्यंत हळू वाजवत जातो. माती दिली की परत येताना फास्ट वाजवतात आणि लोक मागे नाचतात. तो अपमान नाही, आजोबा. गेलेला माणूस सुटला, आणि बाकीच्यांना घरी तर जायचंच आहे. मागच्या वर्षी क्रेमटोरियममध्ये मी वाजवू का विचारलं, तुम्ही नको म्हणालात. म्हणून आता वाजवणार आहे.

मी त्या दिवशी स्टेजवर गेली नाही तर डिग्री मिळणार नाही. घरी आली नाही तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. मला दोन्ही नको आहे. मी काय करू, ते तुम्हीच सांगा.

डॅडला सांगा, बॉयलरवाला मंगळवारी येणार आहे. माया कमी करू नका.

तुमची,
कस्तुरी


स्टॅनमोर
२८ मे २००६

ती. दादास,
सुप्रभाचा शिरसाष्टांग नमस्कार.

कस्तुरीचं पत्र तू जोडून पाठवलंस, बरं केलंस. मी दोनदा वाचलं. समजावण्यासारखं तिच्यात काही सापडलं नाही, तेव्हा तुलाच समजावते.

तू पंचांग बघतोस कुठलं? दर दिवाळीला पुण्याहून मागवतोस, तेच ना? अरे, श्राद्धाला दुपारची तिथी धरतात, आणि पुण्याची दुपार होते तेव्हा तू इथे सकाळचा चहा पीत असतोस. माझ्या अनिशने कॉम्प्युटरवरून लंडनचं पंचांग काढून दिलं. इथे पंचमी गुरुवारी दुपारीच लागते आणि शुक्रवारी सकाळी संपते. म्हणजे वहिनीचं श्राद्ध गुरुवारी. तुझ्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, काकांनी शुक्रवार ठरवूनच सांगितला, मला वाटलं घरच्यांची सोय असेल. तुझ्याशी वाद घालायला तेही घाबरतात.

चाळीस वर्षं झाली तुला या देशात. वहिनीला हे ठाऊक होतं बरं का. एकदा मला म्हणाली होती, ह्यांना सांगू नका वन्सं, कॅलेंडरवरच्या सगळ्या खुणा खोडत बसतील आणि मलाच धरून बोलतील.

तेव्हा अडचण सरली. पोर गुरुवारी श्राद्धाला येईल, शुक्रवारी वाजवेल. पण आता न जायला तुझ्याकडे कारण उरलं नाही. मला विचारशील तर तुझं भांडण तिथीशी नव्हतंच. तुला ते ऐकायचं नव्हतं. अनिश मला लीड्सला आणतो आहे, मी तुझ्या शेजारी बसेन.

राग आला तर पत्रातच काढ, पण माझ्यावरची तुझी ओढ तेवढी राहू दे.

तुझी,
सुप्रभा


लेस्टर
४ जून २००६

चि. कस्तुरीस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सुप्रभाआजीने माझं पंचांग मोडीत काढलं. गुरुजींकडे स्वतः जाऊन आलो. त्यांनी तिचीच री ओढली. मग इतकी वर्षं माझे उपासतापास कुणाच्या दिवशी झाले, असं विचारलं, तर म्हणाले देव समजून घेतो. देवाला समजलं असेल, मला अजून समजलेलं नाही. रागाने दोन दिवस घरात बोललो नाही. विनयच्या ते लक्षातही आलं नाही.

तर श्राद्ध गुरुवारी. तू बुधवारी रात्रीच ये, सकाळच्या ट्रेनचा भरवसा नाही. वड्यांचं पीठ तुझी आई भिजवेल, पण भरड असू दे म्हणावं, आजीला गुळगुळीत चालायचं नाही. नैवेद्य मागच्या अंगणात ठेवू. इथे कावळे येतात तेव्हा येतात, नाहीतर ते दांडगे सीगल सगळं पळवतात. गेल्या वर्षी दहाव्यालाही तसंच झालं आणि मला फार लागलं होतं.

शुक्रवारी आम्ही सगळे येऊ. विनय गाडी काढणार आहे. एम-वन हायवेवर काम चालू आहे असं ऐकलं, त्यामुळे मी सकाळी सातलाच निघायचं म्हणतो आणि तुझा बाप हसतो. मला दाराजवळची खुर्ची ठेव. तुझ्या सरांशी ओळख करून देऊ नकोस, मला काय बोलावं सुचत नाही.

जलद भाग तू वाजव. परीक्षेत आहे, तर वाजवलाच पाहिजे. लोक नाचले तर मी तोंड वाकडं करणार नाही. पण मला कोणी उठवू नये, सुप्रभालाही सांगून ठेव. माती देऊन परत येताना जलद वाजवतात, असं तू लिहिलंस. बाळ, बाकीचे आले असतील परत. मी अजून तिथून निघालेलो नाही. तेव्हा तो हळू भाग घाईने उरकू नकोस. होईल तितका लांबव.

आशीर्वाद आहेतच,
आजोबा