सुखवस्तू जिवाणू

११ जानेवारी १९९९
बदली होऊन चंडीगडला आलो, ती पहिली थंडी आज आठवली. सेक्टर ३० च्या क्वार्टरमागे वामन आणि मी उन्हात मुळे खात बसलो होतो, मीठ लावून. त्याने मुळ्याची माती झटकली, मी ती चमच्याने डबीत भरली. तो हसला होता. त्याच मातीतून माझा स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू निघाला. पहिल्याच प्लेटवर शेजारचे जंतू मारून भोवती स्वच्छ कडं केलं होतं त्याने. पुन्हा कधी नाही.

३१ मार्चला रिटायरमेंट. त्याआधी डेराबस्सीच्या औषध कंपनीचे लोक बघायला येणार. कडं दिसलं तर प्रोजेक्ट, आणि मला दोन वर्षं एक्स्टेन्शन. दिसणारच. अशक्तपणा आहे नुसता.

१८ जानेवारी
ग्लुकोज दुप्पट केलं.

२७ जानेवारी
काय गुटगुटीत झालाय! अँटिबायोटिक शून्य. जंतू त्याला खेटून सुखाने नांदतायत. प्रेमळ स्वभाव.
इरा, माझी स्टुडंट, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. म्हणाली, "मॅडम, पेट भरा है तो लड़ेगा क्यों?" ग्लुकोज असेपर्यंत अँटिबायोटिकचे जीन बंदच राहतात, खाणं संपत आलं की उघडतात, असा पेपर दाखवला. तो मीच तिला दिला होता. म्हटलं, त्यातले जिवाणू परदेशी आहेत.

४ फेब्रुवारी
तरी उपास सुरू केला. मन घट्ट करायचं.

५ फेब्रुवारी
सकाळी बघवेना. एक थेंब दिला. थेंब म्हणजे काही जेवण नव्हे.
वामन म्हणतो, "आपल्या निशांतला असंच वाढवलंस. तिशी आली, अजून 'मम्मी, परांठा' चालूच." निशांत करिअरचा विचार करतोय. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही.

२२ फेब्रुवारी
भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाले. इराला बजावलं, रोज एक थेंब. "पक्का, मॅडम."

५ मार्च
परतले. थेंब दिलाच नाही कार्टीने! प्लेट सुकलेली, आणि भोवती कडं. रुपयाएवढं! रडले. इराला म्हटलं, बघ, एवढ्या वर्षांचं पोषण कामी आलं. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

६ मार्च
कंपनीसाठी त्यातूनच नव्या प्लेटा लावल्या. ग्लुकोज घातलं. पाहुण्यांसमोर उपाशी कसं पाठवायचं?

१५ मार्च
माझ्या सगळ्या प्लेटा टवटवीत. कडं एकातही नाही. मग इराने कपाटामागून स्वतःची एक काढली, बिनग्लुकोजची. त्यात होतं. कंपनीचे नरेंद्रजी तिला म्हणाले, "बेटा, डेराबस्सी कब आओगी?" मला म्हणाले, "मॅडमजी, आपने बड़े प्यार से पाला है." माझं विशेष कौतुक झालं.

३१ मार्च
एक्स्टेन्शनचं काही आलं नाही. टपाल उशिरा येतं.
तोवर वाटप करून ठेवते. खुर्ची शेजारच्या लॅबमधल्या नयनाला, तिची कंबर दुखते. शाल लॅबच्या खुंटीवरच राहू दे, एसीत कुणालाही लागेल. जिवाणूच्या सगळ्या नळ्या इराला. नळ्यांवरची माझ्या नावाची चिठ्ठी काढू नये, कॉन्व्हेंटचं अक्षर आहे. खाली इराने लाल पेनने 'खायला घालू नये' लिहिलंय, तेही राहू दे.