पाखऱ्याचा दम

ती. स्व. निवृत्तीदाजींना भाज्याहून मारुतीचा नमस्कार. गुडघा वाकतो का आता? हिराताई पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवत नाही ना? (ठेवत असेल तर खुणेनं सांगा, लिहू नका. तुमची पत्रं आधी तीच वाचते.) इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे नाही.

ऑपरेशनमुळे तुम्ही दिवाळीत पाखऱ्याला माझ्या दावणीला बांधलंत आणि चारचौघांत बोलून बसलात, की यंदा यात्रेच्या शर्यतीत पहिला आला नाही तर बैल बाजारात उभा करीन. यात्रा रविवारी आहे. माझ्या तोंडाला चव नाही. तुमची तेजल गुरांची डॉक्टर व्हायला निघालीय, म्हणून तेव्हाच तिला फोन केला होता. ती म्हणाली, मामा, जनावराच्या स्नायूत दोन तऱ्हेचे धागे असतात, झटक्याचे आणि दमाचे. रोज लांबवर चालवलं की झटक्याचे धागेसुद्धा दमाचे गुण घेतात, रक्ताच्या बारीक नळ्या वाढतात, जनावर लवकर थकत नाही. एवढं ऐकून मी खुशीत फोन ठेवला. (पुढचं ऐकायला हवं होतं.) तेव्हापासून मी आणि पाखऱ्या रोज पहाटे लोणावळ्याच्या वाटेला.

काल सराव झाला. झेंडा पडताच जोडीचा बैल सुटला, पाखऱ्या सावकाश निघाला, गाडा तिरका. शेवटच्या निशाणापाशी बाकीचे बैल धापा टाकत उभे, आणि हा बसकण मारू बघणाऱ्या जोडीदारालाही घेऊन थेट मळवलीच्या फाटकापर्यंत. मी मागे. झेंडेवाला सोपान म्हणाला, "मारुतीभाऊ, ह्यो बैल हाय का एस्टी? निगतो उशिरा, पर निगाला की थांबत न्हाई." सगळे हसले. तेजलला पुन्हा विचारलं. "अहो मामा, शर्यत सुरू होते न होते तोच संपते. तिथं झटकाच लागतो, हेच तर सांगत होते." आता रविवारपर्यंत धागे कुठले पालटायला?

आपला,
मारुती

ता. क. शर्यतीतून नाव काढा, पण पाखऱ्याला विकू नका. माझ्याकडेच राहू द्या. माझी बायको सविता गेल्यापासून मला पहाटे उठवणारं घरात कुणी नव्हतं. आता हा डुरकतो. दिवाळीत लेण्यांच्या पायऱ्यांवर मी धाप लागून जागोजागी बसत होतो, आता बसत नाही.

पुन्हा ता. क. हे तोंडानं बोलायचा धीर नाही, म्हणून लिहिलं. टपालात टाकलेलं नाही, हिराताईच्या हातात दिलंय, म्हणजे तिचं वाचून झालं असणार. आम्ही दोघं भाज्याहून चालत आलोय आणि तुमच्या अंगणात उभे आहोत. सावकाश विचार करा. दोघांतलं कुणीच दमलेलं नाही.