अण्णाकाका, तुम्ही खोडलेला परिच्छेद

तीर्थरूप अण्णाकाका,

गेल्या शनिवारी इथे अमेरिकेत, आपल्या डब्लिनच्या कम्युनिटी हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुमचे जुने मित्र कुलकर्णीकाका माइकवर म्हणाले, "ही आमची सायली. अण्णांनी हिचा मेडिकल स्कूलचा निबंध लिहून दिला, म्हणून ही आज डॉक्टर आहे." सगळ्या हॉलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर मी काय बोलणार? हात जोडले आणि खाली बसले. म्हणून हे पत्र. मुद्दाम मराठीत लिहितेय, माझ्या इंग्रजीत तुम्ही नेहमी चुका काढायचात.

खरं काय झालं, ते तुम्हाला आठवत होतं का हो शेवटी?

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा बाबांना स्ट्रोक झाला. तुमचा सख्खा धाकटा भाऊ. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरचा हेल्थ इन्शुरन्स आईच्या नोकरीवर होता, त्यामुळे तिला घरी बसता येईना. मग दर गुरुवारी दोन तास ड्राइव्ह करून मी घरी यायचे आणि सोमवारी परत जायचे. बाबांना भरवायचं, त्यांची दाढी करायची, एकेक शब्द त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा. त्या वर्षी मला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत आणि फिजिक्समध्ये सी ग्रेड मिळाला.

निबंधात मी एका परिच्छेदात एवढंच लिहिलं होतं. तुम्ही निवृत्त सर्जन, समाजातली सगळी मुलं तुमच्याकडे निबंध आणायची. मीही आणला. आमच्या डायनिंग टेबलाशी बसून तुम्ही लाल पेनानं तो परिच्छेद आडवा-उभा खोडलात.

"कमिटीला रडगाणं नको असतं, सायली. आणि घरातलं आजारपण असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं."

"मग ते दोन सी, काका?"

"एवढं कोण बघतं?"

त्या जागी तुम्ही लिहिलंत की काकांना ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येताना बघून मला डॉक्टर व्हावंसं वाटलं. बाबा तिथेच व्हीलचेअरवर होते. त्यांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तुम्ही त्यांच्याकडे एकदा तरी पाहिलंत का?

सगळीकडून नकार आला. एका कॉलेजच्या बाईंनी फोनवर कारण सांगितलं. एक वर्ष तुझे मार्क अचानक पडले आणि ते का, हे तू आम्हाला कुठेच सांगितलं नाहीस. मी ते जसंच्या तसं तुमच्या कानावर घातलं. तुम्ही मान डोलावलीत. आणि त्याच महिन्यात तुमच्या घरच्या गणपतीला, मी पंगतीत वाढत असताना, सगळ्यांसमोर म्हणालात, "मी पुष्कळ प्रयत्न केला. पण पोरीत तेवढा दम नाही."

माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. मी पुढच्या पानावर वाढलं.

त्यानंतर तुम्हाला मी काहीही दाखवलं नाही. त्या विषयांचे पुढचे कोर्स केले, ए मिळवले, आणि खोडलेला परिच्छेद परत लिहिला. मुलाखतीत समोरच्या डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "तुझे वडील आता कसे आहेत?" मी म्हणाले, "आता माझं नाव घेतात."

मला प्रवेश मिळाला. नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरचा पांढरा कोट देतात, त्या व्हाइट कोट समारंभाच्या आधी तुमचा फोन आला. "सायली, माझं तिकीट कुठंय?"

"काका, घरातल्यांपुरतीच तिकिटं आहेत."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. एक तिकीट शिल्लक होतं, काका. तुम्ही सूट ड्रायक्लीन करून आणला होता, असं काकूंनी नंतर सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. आजही वाटतं. सायलीचा निबंध मीच लिहिला, असं तुम्ही सांगत सुटलात ते त्याचाच सूड म्हणून का?

बाबा आयसीयूत होते तेव्हा तीन दिवस तुम्ही त्यांच्या उशाशी होतात, डॉक्टरांशी भांडलात, हे मी विसरलेले नाही. तुम्ही नुसतेच वाईट असतात तर माझं काम सोपं झालं असतं.

शोकसभेनंतर पार्किंग लॉटमध्ये तुमची नात रिया मला भेटली. "सायली आत्या, माझा मेडिकल स्कूलचा एसे रीड करशील?" रविवारी सकाळी ती घरी आली. ती एक सेमिस्टर कॉलेज सोडून डिप्रेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होती, हे मला तिच्या निबंधातून कळलं. तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, ती पुण्याला प्रोजेक्टसाठी गेलीय. आणि तिच्याही कागदावर तोच लाल पेन, तशीच आडवी-उभी फुली. फक्त रेघा थरथरलेल्या. स्वतःच्या शेवटच्या आजारपणातही हे काम तुम्ही सोडलं नाहीत?

मी तिला विचारलं, "हे तुला लिहायचंय, की लिहावं लागतंय?"

"गॅप तर त्यांना दिसणारच ना? अँड आय ॲम नॉट अशेम्ड, आत्या."

मग आम्ही बसलो. आजारपण दोन वाक्यांत आणलं. ती परत कशी आली, मदत कशी मागायला शिकली, आता कशी आहे, याला जागा दिली. एका वाक्यापाशी ती अडली. माझे आजोबा लोकांना सांगत होते, की मी भारतात आहे.

"हे काढू का? आजोबा आता नाहीत."

मी पेन खाली ठेवला. तिच्या भल्याचं बोलतेय की माझ्या रागाचं, हे मला आधी स्वतःला विचारायचं होतं. उत्तर आलं, दोन्ही. तिला तेही सांगून टाकलं. "मला त्यांचा राग आहे, त्यामुळे माझं ऐकू नकोस. तूच ठरव."

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. "इट स्टेज. ते राहणार," म्हणाली. मला आनंद झाला, काका. तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

रियाचा बाबा, मिलिंददादा, ते वाक्य काढायला सांगेल. तुमचाच मुलगा आहे तो. पण तुम्हाला शब्द देते, तो लाल पेन घेऊन बसेल तेव्हा मी रियाच्या शेजारी खुर्ची ओढून बसेन. माझ्या वेळी त्या खुर्चीत कुणीच नव्हतं.

तुमची पुतणी,
डॉ. सायली